टेबल पुसण्याचा इतिहास



तुमचं मूल किंवा नातवंड आपल्या अ‍ॅशबर्नमधल्या एखाद्या माँटेसरी शाळेत प्राथमिक वर्गात जात असेल, तर तिथला दिनक्रम तुम्हाला पाठ असेल. मूल येतं, दप्तर आपल्या हाताने खुंटीला अडकवतं, बाईंशी हात मिळवून 'गुड मॉर्निंग' म्हणतं. पुढे दोन-तीन तास घंटा वाजत नाही. सहा ते नऊ वर्षांची मुलं एकाच वर्गात. कुणी चटई अंथरून मण्यांच्या माळेवर हजारापर्यंत मोजतं, कुणी नकाशाचे तुकडे जुळवतं. बाई एका कोपऱ्यात तीन-चार मुलांनाच पाठ देत असतात. भूक लागली की मूल स्वतः फळ कापून खातं आणि बशी धुऊन ठेवतं. काम संपलं की वस्तू जागच्या जागी, चटईची गुंडाळी आणि वहीत नोंद. मग डबा, मैदान आणि घरी निघण्यापूर्वी वर्गाची झाडलोट.

संध्याकाळी आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" उत्तर येतं, "टेबल पुसलं." आपल्या डोळ्यांपुढे फीचा आकडा उभा राहतो.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून या टेबल पुसण्याचा इतिहास तुम्हाला सांगतो. तो आपल्या फार जवळून गेलेला आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिलं 'बालघर' उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करत, म्हणून इमारतीच्या मालकांनी एक खोली दिली होती. माँटेसरीबाई डॉक्टर होत्या; शिकवण्याआधी त्यांनी मुलांचं निरीक्षण केलं. त्यांनीच सांगितलेली एक हकिकत आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक नीट कसं शिंकरायचं ते दाखवलं, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेंबडं नाक म्हणून सगळे हिणवत. कसं पुसायचं ते मात्र कुणी आदराने दाखवलं नव्हतं. हात धुणं, बटणं लावणं, टेबल पुसणं यांना शाळेत जागा मिळाली ती अशी. आपल्या मुलांचा हा महागडा दिनक्रम मुळात गरिबांच्या मुलांसाठी घडला.

तो अमेरिकेतही लवकर आला. इथून तीसेक मैलांवर, वॉशिंग्टनला, टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या घरी १९१२ साली माँटेसरी वर्ग भरत होता. डिसेंबर १९१३ मध्ये बाई स्वतः इथे आल्या. पण १९१४ मध्ये किलपॅट्रिक या नामवंत शिक्षणतज्ज्ञाने कडक टीका केली आणि काही वर्षांत ही लाट ओसरली. १९६० मध्ये अमेरिकन माँटेसरी सोसायटी स्थापन झाली, त्या सुमारास ती परतली ती मुख्यतः फी भरणाऱ्या पालकांच्या शाळांतून.

आता आपल्याकडे येऊ. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयातली प्राचार्यांची नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांच्याकडे गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ उभारला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवला. मुलं मध्यमवर्गीय घरांतली, नाव झालेलं. इथेच थांबल्या असत्या, तरी इतिहासात त्यांची नोंद झाली असती.

त्या थांबल्या नाहीत. हे सगळं खेड्यातल्या मुलाला कधी मिळणार, हा प्रश्न त्यांना बोर्डीला घेऊन गेला. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ: तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. दहा-बारा वर्षांनी दोघींनी काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ नेलं.

तिथला दिनक्रम डोळ्यांपुढे आणा. आधी पाड्यावर जाऊन मुलं गोळा करायची. मग आंघोळ, नखं, केस. त्यानंतर गाणी, गोष्टी आणि साधनांशी काम. परदेशी लाकडी साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, बांबू आणि माती यांवर मुलं मोजायला आणि रंग-आकार ओळखायला शिकली. जे मूल बालवाडीत येऊ शकत नव्हतं, त्याच्या अंगणात बालवाडी गेली: अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मोठी बहीण तान्ह्याला सांभाळायला घरी राहते असं दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली. घड्याळ आणि वेळापत्रक मुलाच्या जगण्याप्रमाणे वाकवलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळालं ते हेच, अंगणवाडी.

आणखी एक धागा. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मुलगा मारिओ याच्यासह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्याला सोडलं. पुढे कोडाईकनालला या मायलेकांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचं शिक्षण आकाराला आणलं: विश्वाची गोष्ट आधी, मग तिच्यातून भूगोल, प्राणी, भाषा, गणित. तुमचं मूल आज अ‍ॅशबर्नमध्ये हेच शिकतंय.

मग या इतिहासाचं आपण काय करायचं? पहिली गोष्ट घरातली. शाळेत जे मूल सुरीने फळ कापतं, त्याच्या हातातून आपण घरी ताट काढून घेतो. "राहू दे बाळा, सांडशील," हे प्रेमाचंच वाक्य. पण सकाळी शाळेने दिलेला विश्वास ते संध्याकाळी काढून घेतं. या दिवाळीत करंजीची कड त्यालाच दुमडू द्या, पणत्यांत तेल त्यालाच घालू द्या. थोडं सांडेल. पुसायला तो शिकलेलाच आहे.

दुसरी गोष्ट इथे वाढलेल्या तरुण आईबापांसाठी. पुढच्या भारतभेटीत मॉल एक दिवस राहू द्या आणि गावाकडची एखादी अंगणवाडी मुलांना दाखवा. तिथल्या सेविकाताईंशी बोला, काय कमी पडतं ते विचारा. अ‍ॅशबर्नची चटई आणि त्या अंगणातली चटई यांचं नातं मुलांच्या लक्षात आलं, तर आपण कुणाचं देणं लागतो हे त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि उद्या मूल म्हणालं, "टेबल पुसलं," तर विचारा, "कसं पुसलंस, मला दाखव बरं."

दिवाळीच्या शुभेच्छा!