मशीहा : ज्यू व ख्रिस्ती धारणा

मशीहा (हिब्रू रूप ‘माशियाख’, अर्थ ‘अभिषिक्त’) ही ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही धर्मांतील मध्यवर्ती संकल्पना आहे. दोन्ही धर्म तिचा आधार एकाच हिब्रू धर्मग्रंथात शोधतात. मात्र मशीहा कोण, तो येऊन गेला की यायचा आहे, आणि तो ईश्वर की मनुष्य, या प्रश्नांना त्यांची उत्तरे वेगळी आहेत. ‘ख्रिस्त’ हे येशूचे दुसरे नाव आहे असा समज मराठीत सर्रास आढळतो. वस्तुतः ‘माशियाख’ या शब्दाच्या ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक भाषांतराचे ते मराठी रूप होय. ‘येशू ख्रिस्त’ म्हणणे म्हणजे येशू हाच मशीहा असे विधान करणे, आणि ज्यू धर्माला नेमके हेच विधान अमान्य आहे.

मूळ अर्थ

प्राचीन इस्रायलमध्ये राजा व प्रमुख याजक यांच्या मस्तकावर तेल ओतून त्यांची नेमणूक होत असे. शौल व दावीद हे राजे या अर्थाने अभिषिक्त होते. यशयाच्या ग्रंथात (अध्याय ४५) इराणचा परधर्मीय सम्राट कोरेश (सायरस) यालाही हाच शब्द लावलेला आहे. म्हणजे शब्दात मुळात देवत्वाची छटा नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. दावीदाच्या घराण्याची सत्ता गेल्यानंतर त्याच वंशातील भावी राजाची अपेक्षा बळावली.

ज्यू धारणा

पारंपरिक ज्यू मतानुसार मशीहा हा दावीदवंशी मनुष्य असेल. तो विखुरलेल्या ज्यूंना एकत्र आणील, मंदिर पुन्हा उभारील आणि जगात शांतता नांदेल. मैमोनिडीज (११३८–१२०४) या तत्त्वज्ञाने मशीहाच्या आगमनावरील विश्वास आपल्या तेरा धर्मतत्त्वांत घातला. मात्र त्याने चमत्कार केलेच पाहिजेत असे नाही, आणि कार्य पूर्ण होण्याआधी जो मारला जातो तो मशीहा नव्हे, असेही स्पष्ट केले. ही कसोटी केवळ येशूसाठी नव्हती. रोमविरुद्धच्या उठावाचा (इ.स. १३२–१३५) नेता बार कोखबा याला रब्बी अकिवा यांनी मशीहा मानले होते, उठाव मोडला आणि तो दावाही संपला. देव मानवरूप घेतो ही कल्पना ‘शेमा’ या एकेश्वराच्या घोषणेशी (अनुवाद ६:४) विसंगत ठरते.

ख्रिस्ती धारणा

ख्रिस्ती मतानुसार नासरेथचा येशू हाच मशीहा आहे. क्रूसावरील मृत्यू हे त्याचे अपयश नसून त्याचे कार्यच होते. जागतिक शांतीची भाकिते त्याच्या दुसऱ्या आगमनी पुरी होतील. यशया ५३ मधील दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचकांना येशू वाटतो, तर राशी व इतर ज्यू भाष्यकारांना तो इस्रायल लोकसमूह वाटतो. येशूचे देवत्व निकियाच्या (३२५) आणि तो पूर्ण देव व पूर्ण मनुष्य असल्याचे खाल्केदोनच्या (४५१) धर्मसभेने सूत्रबद्ध केले. भारतीय वाचक याची तुलना अवतारकल्पनेशी करतो, पण ती पुरती जुळत नाही: ख्रिस्ती मतानुसार हे देहधारण एकदाच घडले आणि त्याची पुनरावृत्ती नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे (१६१६) पैले व दुसरे पुराण असे दोन भाग आहेत. हिब्रू ग्रंथ ही प्रतीक्षा आणि येशू ही पूर्तता, ही ख्रिस्ती मांडणी त्या रचनेतच दिसते.

ज्यू बाजू मराठीत आली ती कोकणातील बेने इस्रायल समाजामुळे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ दीर्घकाळ इतर ज्यूंपासून तुटलेले होते. समाजाच्या परंपरेनुसार हिब्रू प्रार्थनांपैकी त्यांच्या स्मरणात उरला होता तो शेमा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. १८२९ मध्ये तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत लिहून १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ धर्मग्रंथ वाचता आले की येशूच मशीहा असल्याचे या लोकांना पटेल, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. परिणाम जवळजवळ उलटा झाला. बेने इस्रायल मुले मिशनच्या शाळांत शिकली, काहीजण तेथे शिक्षकही झाले, मराठी बायबल त्यांनी घरी वाचले. पण धर्मांतर फारच थोड्यांनी केले. या शिक्षणातून त्यांचे ज्यूपणच पक्के झाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी ज्यू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि त्यांतील मशीहाच्या आगमनाच्या याचना मराठीतून समजू लागल्या.

मतभेदाचे आणखी एक ठळक स्थान म्हणजे संदेष्टा एलिया. मलाखीच्या ग्रंथानुसार परमेश्वराचा महान दिवस येण्यापूर्वी एलिया येईल. त्यावरून ज्यू परंपरेत तो मशीहाचा अग्रदूत ठरला. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार (११:१४) तो एलिया बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. बेने इस्रायलांसाठी मात्र ‘एलियाहू हानाबी’ अजून यायचा आहे. शुभकार्यात व नवस फेडताना ते त्याच्या नावाने पोहे, गूळ किंवा साखर, नारळ आणि फळे यांचा ‘मलिदा’ करतात. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावरची खूण त्याच्या रथाची मानली जाते, आणि तेथे नवस फेडायला आजही लोक येतात.