एसएमपीएस : असेंबल्ड संगणकासाठी निवड

घरातील २३० व्होल्टचा एसी प्रवाह घेऊन संगणकाच्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा करणारी, कॅबिनेटमध्ये बसवलेली लोखंडी पेटी. भारतीय बाजारात तिला सरसकट एसएमपीएस म्हणतात. तिने संगणकाचा वेग वाढत नाही, त्यामुळे कमी पैशांत संगणक जुळवताना काटछाट बहुधा इथूनच सुरू होते आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस तसाच चालवला जातो. तो बिघडला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो, हा हिशेब तेव्हा कोणी करत नाही.

खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. पेटीच्या बाजूच्या लेबलवर प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपिअर दिलेले असतात. त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचावी. इंटेलने १९९५ साली एटीएक्स मानक आणले तेव्हा बराचसा भार ३.३ व ५ व्होल्टवर असे. पेंटियम ४ च्या सुमारास, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली आणि भार तिकडे सरकला. आज प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे सगळे १२ व्होल्टवर चालतात. अनेक स्वस्त पेट्या मात्र जुन्याच आराखड्याच्या असतात. ‘४५० वॅट’ म्हणून मिरवणाऱ्या पेटीवर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर असतील, तर कामाचे वॅट फक्त १६८. बाकीची बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टची, जिचा आता फारसा उपयोग नाही. चांगल्या बनावटीच्या ४५० वॅटच्या पेटीवर हाच आकडा ३५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ४२० वॅट असतो. लेबलवर अँपिअरच दिले नसतील तर ती पेटी घेऊच नये.

गरज किती, हे जुळणीवरून काढता येते. कोअर आय३-१२१००एफ प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे ५० धरले तरी बेरीज २७० वॅटच्या आसपास राहते. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरते याहून बरेच जास्त खेचते, म्हणून थोडा वाव ठेवावा. या कार्डासाठी एएमडीची शिफारस ४५० वॅटची आहे. अशा जुळणीला ७५० वॅट घेणे म्हणजे पैसे अडकवणे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० खरे वॅटही पुष्कळ झाले.

२००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस प्रमाणपत्राविषयी बाजारात दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की ८५ टक्के कार्यक्षमतेचा ४५० वॅटचा एसएमपीएस ३८२ वॅटच देतो. तो ४५० वॅट देतो आणि त्यासाठी भिंतीतून सुमारे ५३० घेतो. दुसरा असा, की ब्राँझ किंवा गोल्ड म्हणजे दर्जा. या प्रमाणपत्रात विजेची बचत मोजली जाते. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पेटी स्वतःला बंद करते का, १२ व्होल्टच्या प्रवाहात तरंग किती आहेत, याची परीक्षा त्यात नाही. हे तरंग १२० मिलिव्होल्टच्या आत असावेत, असे एटीएक्स मानक सांगते.

आपल्याकडच्या विजेमुळे आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. वीज गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरने तग धरायचा असतो. स्वस्त पेटीत हा कपॅसिटरच लहान असतो, त्यामुळे यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो आणि बोल बिचाऱ्या बॅटरीला लागतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो; वरच्या जुळणीला मॉनिटर जोडून गेम चालवला की तो मर्यादेला टेकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा एसएमपीएस निर्दोष असतो, घरच्या अर्थिंगमध्ये खोट असते: आतील फिल्टरच्या कपॅसिटरमुळे अर्थिंगविना पेटीवर अर्धे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते. मागच्या बाजूला ११५/२३० असा लाल खटका दिसला तर आराखडा जुना समजावा. तो चुकून ११५ वर राहिला, तर स्विच दाबताच फ्यूज किंवा कपॅसिटर उडतो.

जोडण्यांत धोका अ‍ॅडॅप्टरचा. साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच नेता येतात. ग्राफिक्स कार्डाची सहा पिनांची जोडणी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट मागू शकते. साटावरून कार्डाला वीज देणारी वायर वितळते ती यामुळेच. कार्डाला लागणारी जोडणी मुळातच नसलेला एसएमपीएस त्या कार्डासाठी बनलेला नाही, असे समजावे. कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड बसवण्याची पद्धत स्वस्त पडते, पण त्यांपैकी काहींच्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची जोडणी बसत नाही. पैसे देण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहावे.

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुना एसएमपीएस घेताना दुकानदार २४ पिनांतली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून पंखा फिरवून दाखवतो. त्यावरून पेटी सुरू होते एवढेच कळते. भाराखाली १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली उतरते का, हे मल्टिमीटर लावून गेम चालवल्यावरच दिसते.