बुद्धिबळाच्या पटावरचे नंदनवन : पाम स्प्रिंग्ज आणि एका झऱ्याचा इतिहास

१/ कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे १७० किलोमीटरवर पाम स्प्रिंग्ज हे वाळवंटी नगर आहे. पाठीशी ३,३०० मीटर उंचीचा सॅन हासिन्तो पर्वत, पायथ्याशी आलिशान हॉटेले, स्नानगृहे आणि गोल्फची हिरवळ. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी गरम पाण्याचा एक झरा आहे. त्या झऱ्याची आणि त्याच्या भोवतालच्या एका चौरस मैलाची ही कहाणी.

२/ हा झरा काहुइया या मूलनिवासी लोकांचा. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या या पाण्याला त्यांच्या भाषेत ‘उकळते पाणी’ अशा अर्थाचे नाव आहे. स्पॅनिश लोकांनी त्याला ‘आग्वा कालिएन्ते’, म्हणजे गरम पाणी, म्हटले आणि तेच नाव पुढे या जमातीलाही चिकटले. काहुइयांसाठी हा झरा पवित्र होता आणि औषधीही. आसपासच्या दऱ्यांतून पाट काढून ते शेती करीत. म्हणजे हे वाळवंट ‘निर्जन’ कधीच नव्हते.

३/ मग रेल्वे आली. संघराज्य सरकारने लोहमार्गाच्या दुतर्फा असलेल्या जमिनीचे एकेक चौरस मैलाचे चौकोन पाडले. विषम क्रमांकाचे चौकोन सदर्न पॅसिफिक रेल्वेला मिळाले. १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आणि १८७७ मध्ये हेज यांनी आदेश काढून जमातीसाठी जमीन राखीव केली. तीत प्रामुख्याने सम क्रमांकाचे चौकोन होते. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला.

४/ पटावरची घरे सारख्याच आकाराची, पण त्यांचे नियम वेगळे. रेल्वेची जमीन कोणालाही विकता येई. काहुइयांची जमीन मात्र सरकारच्या विश्वस्ततेखाली होती. ती त्यांना मनाप्रमाणे विकता येत नव्हती की दीर्घ मुदतीच्या भाड्याने देता येत नव्हती. आणि झरा होता सम घरात, चौकोन क्रमांक १४ मध्ये.

५/ १८८४ मध्ये जॉन मॅक्कॅलम हे वकील आजारी मुलाला घेऊन येथे आले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. कोरडी, उबदार हवा हाच उपचार मानला जाई. त्यांनी जमीन घेतली, पाणी आणले, फळबागा लावल्या. त्याच दशकात वेलवुड मरे यांनी येथले पहिले हॉटेल काढले. पुढे प्रदीर्घ दुष्काळाने बागा जळाल्या, पण ‘आरोग्यदायी हवा’ ही कीर्ती टिकली.

६/ १९०९ मध्ये नेली कॉफमन या कर्तबगार बाईंनी ‘डेझर्ट इन’ सुरू केले. आरंभी ते रुग्णांसाठीचे आरोग्यधाम होते. हळूहळू धनिक प्रवासी येऊ लागले आणि क्षयरोग्यांना दार बंद झाले. ज्यांच्यासाठी गाव वसले, तेच नकोसे ठरले. गावातून कोणाला तरी बाहेर काढण्याची ही शेवटची वेळ नव्हती.

७/ १९२७ च्या अखेरच्या दिवशी भव्य ‘एल मिराडोर’ हॉटेल उघडले. १९३४ मध्ये चार्ल्स फॅरेल आणि राल्फ बेलामी या अभिनेत्यांनी ‘रॅकेट क्लब’ काढला. हॉलिवूडचे तारे येथे हिवाळा घालवू लागले. १९३८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला.

८/ या हॉटेलांत राबणारे, घरे बांधणारे हात कोठे राहत? मुख्यतः चौकोन १४ मध्ये. जमिनींच्या दस्तांतील वंशभेदी अटींमुळे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना इतरत्र घर मिळणे दुरापास्त होते. काहुइया जमीनमालक त्यांना जागा देत, पण कायद्यामुळे अल्प मुदतीनेच. त्यामुळे भाडेकरूला पक्के घर बांधण्याचा भरवसा नव्हता. नागरी सुविधाही तुटपुंज्या होत्या.

९/ जमातीचा लढा न्यायालयात चालू होता. वैयक्तिक जमीनवाटपाच्या हक्कासाठी ली अरेनास यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९४४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९५० च्या दशकात व्हायोला ओलिंगर यांच्या अध्यक्षतेखाली जमातीचे मंडळ सर्वस्वी स्त्रियांचे होते. अखेर १९५९ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला कायद्याने मान्यता मिळाली.

१०/ झऱ्यावर १९६० मध्ये नवे स्नानगृह आणि १९६३ मध्ये ‘स्पा हॉटेल’ उभे राहिले. जमीन जमातीची, धंदा भाडेपट्टेदाराचा. सॅन हासिन्तोवर नेणारा रज्जुमार्गही १९६३ मध्येच सुरू झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा सुवर्णकाळ वाटावा.

११/ परंतु त्याच १९५९ साली आलेल्या दुसऱ्या कायद्याच्या आधारे अनेक काहुइयांवर न्यायालयाने ‘पालक’ नेमले. मालमत्ता काहुइयांची, सही पालकाची. स्थानिक वकील, न्यायाधीश, जमिनीचे दलाल या कामी लागले आणि भरमसाट शुल्क घेऊ लागले. ‘प्रेस-एंटरप्राइझ’ दैनिकाचे वार्ताहर जॉर्ज रिंगवॉल्ड यांनी हा गैरव्यवहार उघडकीस आणला. १९६८ मध्ये त्या दैनिकाला पुलित्झर मिळाले आणि ही पद्धत संपुष्टात आली.

१२/ दीर्घ भाडेपट्ट्यामुळे चौकोन १४ ची किंमत वाढली. आता तेथील गरिबांची घरे अडथळा ठरली. पालकांच्या परवानगीने आणि शहराच्या यंत्रणेमार्फत घरे पाडली गेली, जाळली गेली. कित्येकांना रीतसर सूचनाही मिळाली नाही. १९६८ च्या राज्य सरकारच्या अहवालाने शहराला दोषी धरले आणि या प्रकारासाठी ‘होलोकॉस्ट’ हा शब्द वापरला.

१३/ येथे दोष कोणाचा, हे उत्तर सोपे नाही. कागदोपत्री जमीनमालक काहुइया होते, म्हणून शहराला बराच काळ त्यांच्याकडे बोट दाखवता आले. पण सहीचा अधिकार काढून घेतलेल्या मालकाला मालक कसे म्हणावे? एकाच व्यवस्थेने दोन वंचित समूहांना आमनेसामने उभे केले होते.

१४/ पुढचा प्रवास संथ आहे. १९९२ मध्ये जमातीने स्पा हॉटेल स्वतःच्या ताब्यात घेतले. २०१४ मध्ये ते पाडले आणि २०२३ मध्ये त्याच झऱ्यावर स्वतःचे स्नानगृह आणि शेजारी संग्रहालय उघडले. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने भूजलावरील जमातीचा हक्क मान्य केला. विस्थापितांची शहराने २०२१ मध्ये माफी मागितली आणि २०२४ मध्ये ५९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. तोवर अनेक जण हयात नव्हते.

१५/ पर्यटनस्थळांचा इतिहास बहुधा हॉटेलांच्या आणि पाहुण्यांच्या नावांनी सांगितला जातो. मित्रहो, पुढच्या वेळी अशा नंदनवनाविषयी वाचाल, तेव्हा आधी जमिनीचा नकाशा शोधा : घर कोणाचे, सही कोणाची आणि तेथून उठवले कोणाला. पाम स्प्रिंग्जचा पट आजही तसाच चौकटींचा आहे. चौदाव्या घरातला झराही अजून वाहतो आहे.