नवऱ्याचं गाव, नवऱ्याचा देश

मंडळी, लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. पण तिचा देश बदलतो का? आणि बदलत असेल तर तो कोण बदलतो, ती स्वतः, तिचा नवरा, की सरकार? चिखली-खामगावची, शेगाव-मलकापूरची पोरं शिकायला आणि नोकरीला बाहेर जातात, तिथंच जोडीदार शोधतात, आणि मग हा प्रश्न घरातल्या ओसरीवर येऊन बसतो. आज आपण त्याचा जरा मागचा इतिहास बघू. हा इतिहास आपल्या वऱ्हाडातून जातो.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी कायद्याने प्रश्न एका वाक्यात मिटवून टाकला होता : बायकोचं राष्ट्र तेच, जे नवऱ्याचं. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेत हे होतं, इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यात होतं. अमेरिकेने १९०७ मध्ये स्पष्टच लिहिलं की परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नवऱ्याचं राष्ट्रीयत्व घेते. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'व्यक्ती' या संकल्पनेवर तासन्‌तास बोलायचो. कायद्याच्या लेखी विवाहित स्त्री ही पुरती व्यक्तीच नव्हती, हे त्या वर्गात फारसं कुणी काढत नसे.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाडाची स्थिती मोठी विचित्र होती. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचं. १९०२ च्या करारात इंग्रजांनी वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं. जमीन निजामाची, सरकार साहेबाचं, राबणारे आपले आजे-पणजे. १९३६ च्या करारात हे स्वामित्व पुन्हा एकदा मान्य झालं आणि निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचे युवराज ही पदवी मिळाली.

त्यांची पत्नी दुर्रुशेहवार. जन्म इस्तंबूलचा, १९१४ चा. वडील दुसरे अब्दुलमजीद, शेवटचे खलिफा. मार्च १९२४ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द केली, ऑटोमन घराण्याला देशाबाहेर काढलं आणि त्यांचं नागरिकत्वही काढून घेतलं. म्हणजे दहा वर्षांची मुलगी एका रात्रीत बिनदेशी झाली. घराणं फ्रान्समध्ये नीसला राहिलं, आणि तिथंच नोव्हेंबर १९३१ मध्ये तिचं लग्न हैदराबादच्या राजपुत्राशी झालं. त्याच वेळी तिची नात्यातली बहीण निलोफर हिचं लग्न धाकट्या राजपुत्राशी, मोअज्जम जाहशी, लागलं.

तर ज्यांच्या नावापुढे पुढे 'वऱ्हाड' लागलं त्या युवराज्ञी मुळात देश हरवलेल्या होत्या. लग्नाने त्यांना घर दिलं, मान दिला. पण जुना देश काही परत मिळाला नाही. १९४४ मध्ये खलिफा पॅरिसला वारले. वडिलांना मायदेशी माती मिळावी म्हणून दुर्रुशेहवार यांनी खटपट केली, तुर्की सरकारने नकार दिला. जवळजवळ दहा वर्षं तो देह पॅरिसच्या मशिदीत ठेवलेला होता, आणि शेवटी १९५४ मध्ये मदिनेला दफन झालं. घराण्यातल्या स्त्रियांना तुर्कस्तानने १९५२ मध्ये परत येऊ दिलं, पुरुषांना १९७४ मध्ये. दुर्रुशेहवार २००६ मध्ये लंडनला वारल्या, त्यांचं दफनही इंग्लंडातच झालं.

दुसरी गोष्ट वर्ध्याच्या माणसाची. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले. पहिल्या महायुद्धात इराणमार्गे लढले, १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर, गव्हावर संशोधन करू लागले. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं आहे. १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. वऱ्हाडाशेजारचा नवरा, बेल्जियमची बायको, मेक्सिकोत संसार, आणि नवऱ्याला स्वतःच्या देशात पाऊल ठेवायची बंदी! देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी येण्यासाठी अर्ज केला, तर इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव तसंच होतं म्हणून आधी व्हिसाच नाकारला गेला. पुढे ती बंदी उठली, ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथंच वारले. ज्याच्यासाठी आयुष्य उधळलं त्या देशाकडे व्हिसा मागायचा, याहून नागरिकत्वाचा कागद किती कोरडा असतो हे आम्हाला दुसऱ्या कुठल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

त्यांच्याच गदर वर्तुळातले तारकनाथ दास. त्यांनी १९२४ मध्ये मेरी मोर्स या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. १९२२ च्या केबल कायद्याने अमेरिकन स्त्रीला लग्नानंतरही नागरिकत्व राखता येऊ लागलं होतं, पण नवरा नागरिक व्हायला 'पात्र' असेल तरच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत, म्हणून अपात्र, असं ठरवलं. झालं! मेरीबाईंचं नागरिकत्व गेलं. घर अमेरिकेतच, जन्म अमेरिकेतलाच, आणि देश नाही. ही अट निघायला १९३१ उजाडलं.

आपण भारतीयांनी तरी वेगळं काय केलं? आपल्या १९५५ च्या कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला ती वाट नव्हती. 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला तो १९८६ च्या दुरुस्तीने. आणि परदेशात जन्मलेलं मूल केवळ आईमुळे भारतीय ठरू लागलं १० डिसेंबर १९९२ पासून. त्याआधी बाप भारतीय असणं आवश्यक. संविधानात समता लिहून ४२ वर्षं झाली होती, बरं का.

आज कायदा बायकोला नवऱ्यामागे ओढत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ओढाताण आता घरात होते. परदेशी सून किंवा जावई लग्न लागताच भारतीय होत नाही. इथं सात वर्षं राहावं लागतं, त्यातले अर्जाआधीचे बारा महिने सलग. आणि मांडवात सप्तपदी झाली म्हणजे काम झालं असंही नाही. एकजण हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा, नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबायचं. बुलढाण्यात पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन हे उरकायचं म्हणणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघावं.

उलट बाजूने, आपल्या मुलीने तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं त्याच क्षणी आपोआप संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो, तो जपून ठेवणं गुन्हा आहे. मग उरतं ओसीआय कार्ड. त्यावर येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. आणि आपल्याकडे जे लोक सर्वांत आधी विचारतात ते शेतीचं : ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र येते. म्हणजे बापाच्या कपाशीच्या वावरावर, सातबाऱ्यावर, तिचं नाव भावाच्या शेजारी लागू शकतं. पुढे तिला आपला हिस्सा विकायचा झाला, तर तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागतो. 'ती आता तिकडची झाली, तिचा हक्क गेला' असं सांगून कोऱ्या हक्कसोड पत्रावर सही मागणारे भाऊ आहेत. नागरिकत्व गेल्याने वारसाहक्क जात नाही, हे तिला सही करायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं.