भिंत कोणाची?

सोशल मीडियावर एखादं घाणेरडं प्रकरण घडलं की आपल्याकडे एक मागणी हमखास येते. प्रत्येक खात्याला आधार जोडा, खरं नाव सक्तीचं करा, मग बघा सगळे कसे सुतासारखे सरळ येतात! मलाही बरीच वर्षं हे पटायचं. मग मी जिथे नावच नसतं अशा जागांचा, म्हणजे इमेजबोर्डांचा, इतिहास वाचत गेलो आणि मत बदललं. पोस्ट लांब आहे, पण विषय आपलाच आहे.

मे १९९९. हिरोयुकी निशिमुरा हा जपानी तरुण अमेरिकेत आर्कान्सामध्ये शिकत होता. तिथे बसून त्याने '२चॅनल' ही जपानी साइट सुरू केली. ना नोंदणी, ना पासवर्ड. नावाची चौकट रिकामी सोडली की बहुतेक ठिकाणी 'नानाशी-सान' असं उमटायचं. म्हणजे 'बिननावाचे अमुकतमुक'. वरिष्ठांपुढे मनातलं बोलायची चोरी असलेल्या समाजात लोकांची झुंबड उडाली. ऑगस्ट २००१ मध्ये सर्व्हरचा खर्च परवडेना, साइट बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा आसरा म्हणून 'फुताबा चॅनल' निघालं. तिथे मजकुरासोबत चित्रही टाकता यायचं.

त्याच फुताबाचा कोड घेऊन, जपानी मजकूर मशीनकडून इंग्रजीत उतरवून, ख्रिस्तोफर पूल या न्यूयॉर्कच्या १५ वर्षांच्या मुलाने १ ऑक्टोबर २००३ रोजी '४चॅन' सुरू केलं. हेतू साधा होता, जपानी ॲनिमेच्या वेड्यांना गप्पा मारायला जागा. नाव न लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या पोस्टवर एकच शब्द यायचा, 'ॲनॉनिमस'.

आता यातली मेख बघा. पोराकडे पैसे नव्हते, सर्व्हरवर जागा नव्हती. त्यामुळे नवीन धागा आला की जुना खाली सरकायचा आणि शेवटच्या पानावरून घसरला की कायमचा पुसला जायचा. गर्दीच्या वेळी काही मिनिटांत. हे काही तत्त्वज्ञान नव्हतं, कडकी होती! पण त्या कडकीतून एक संस्कृती घडली. जे लोकांनी आपल्या कॉम्प्युटरवर साठवून पुन्हापुन्हा टाकलं तेच टिकलं, बाकी सगळं वाहून गेलं. मांजरांच्या फोटोंवर वेडंवाकडं इंग्रजी लिहायची लाट इथूनच पसरली. आज तुमच्या फोनवर येणाऱ्या मीम्सचं एक आजोळ हे आहे.

याची दुसरी बाजूही तिथेच तयार झाली. धागा वर ठेवायचा तर उत्तरं यायला हवीत, आणि उत्तरं मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लोकांना भडकवणं. नाव नाही, त्यामुळे कमवायची इभ्रत नाही आणि गमवायचीही नाही. काल काय बोललो याची नोंद नाही. मग रोज कालच्यापेक्षा एक पायरी खाली.

तरी याच गर्दीने २००८ मध्ये वेगळं काही केलं. टॉम क्रूझची एक मुलाखत इंटरनेटवरून काढून टाकण्यासाठी सायंटॉलॉजी चर्चने धावपळ केली, तेव्हा ही मंडळी खवळली. १० फेब्रुवारीला अनेक देशांत लोक या चर्चच्या दारात उभे राहिले, कित्येकांच्या तोंडावर गाय फॉक्सचा मुखवटा. तो मुखवटा पुढे मुंबईतही पोचला. मे २०१२ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी निघालेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी कित्येक साइट सरसकट बंद केल्या. त्याविरुद्ध ९ जूनला आझाद मैदानावर तेच मुखवटे घालून तरुण जमले. सत्तेपुढे उभं राहताना चेहरा झाकावासा वाटणं यात मला काही गैर दिसत नाही.

पण २०१४ पासून चित्र पालटलं. अभिनेत्रींचे चोरलेले खासगी फोटो इथे पसरले. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातल्या बायकांवर झुंडी सोडल्या गेल्या. पूलने थोडा लगाम ओढताच झुंड '८चॅन'वर गेली. फ्रेडरिक ब्रेनन याने २०१३ मध्ये उघडलेल्या या साइटचं ब्रीदच 'कमीत कमी नियम' हे होतं. पूल २०१५ च्या जानेवारीत बाजूला झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याने ४चॅन विकलं, तेही २चॅनलवाल्या निशिमुराला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ४चॅनवरच 'क्यू' नावाने कोणीतरी भाकितं सांगू लागलं आणि लाखो अमेरिकनांनी ती खरी मानली.

१५ मार्च २०१९. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. मारेकऱ्याने आधी ८चॅनवर जाहीर केलं होतं, आणि तिथे टाळ्या पडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत पोवे आणि एल पासो इथल्या हल्लेखोरांनीही आपलं म्हणणं तिथेच टाकलं. तेव्हा खुद्द ब्रेनन म्हणाला, बंद करा ही साइट. पण मालकी एव्हाना दुसऱ्याकडे गेली होती.

मग काय, नावं सक्तीची करायची? दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. २०११ मध्ये तिथे एका हल्ल्यात साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आणि आपलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात पोटासाठी फिरणाऱ्या पाच भटक्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. व्हॉट्सॲप खातं फोन नंबरवरच चालतं. नंबर दिसत होता म्हणून कोणाचा हात थांबला का?

आपल्याकडे बिननावी लेखन नवीन नाही. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये समाजाला खडे बोल सुनावणारी शतपत्रं 'लोकहितवादी' या टोपणनावाने आली. पण त्यामागे भाऊ महाजन नावाचा संपादक उभा होता. काय छापायचं आणि काय नाही याची जबाबदारी कोणाची, हे वाचकाला ठाऊक होतं.

मला फरक इथे दिसतो. भिंतीवर लिहिणाऱ्याचं नाव नसणं ही एक गोष्ट, आणि भिंतीला धनीच नसणं ही दुसरी. ८चॅनवर लिहिणारे बिननावी होते, पण मालक, सर्व्हर देणारे, संरक्षण पुरवणारे सगळे नावानिशी माहीत होते. एल पासोनंतर क्लाउडफ्लेअर या एका कंपनीने हात काढून घेतला आणि साइट कोसळली. काही महिन्यांनी ती नवं नाव घेऊन परतली हे खरं, पण क्राइस्टचर्चनंतरच कोणी हे का केलं नाही, हा प्रश्न उरतोच.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'सगळ्यांना आधार जोडा' म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा. तक्रार आली तेव्हा साइट चालवणाऱ्याने काय केलं, किती तासांत केलं, आणि नाही केलं तर त्याला कोणी जाब विचारला? सरकारच्या चुका दाखवणाऱ्या कारकुनाला आणि नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिणाऱ्या बाईला त्या बिननावाची गरज आहे. तेवढा आडोसा त्यांच्याकडून काढून घेऊ नका.