अपराध कोणता, ते सांगा

माणसाच्या बऱ्यावाईट कृत्यांचा झाडा मरणानंतर कोठेतरी द्यावा लागतो, ही समजूत अनेक प्राचीन समाजांत आढळते. अभ्यासक तिचे सामान्यतः दोन वर्ग पाडतात. एकात न्यायनिवाडा करणारा ईश्वर आहे, दुसऱ्यात न्यायाधीशावाचून आपोआप फळणारे कर्म आहे. ही विभागणी खोटी नव्हे. तथापि सरकारी दफ्तरात उमेद घालविलेल्या माझ्यासारख्याला त्याहून निराळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याला शिक्षा भोगावयाची, त्याला त्याचा अपराध कोणी सांगतो की नाही?

इजिप्तच्या लोकांनी याची चोख व्यवस्था केली होती. इ. स. पूर्व 1250 च्या सुमारास लिहिलेला आनी नावाच्या राजलेखनिकाचा पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरील चित्रात तराजूच्या एका पारड्यात आनीचे हृदय आहे, दुसऱ्यात सत्यदेवता मातचे पीस आहे, आणि थोथ हा देव निकाल लिहून घेत आहे. मृताने बेचाळीस देवतांपुढे आपण कोणकोणती पापे केली नाहीत हे एकेक करून सांगावयाचे असते. म्हणजे आरोपांची यादी त्याला आधीच पाठ! गंमत अशी की, प्रेताच्या छातीवर भुंग्याच्या आकाराचा एक दगड ठेवीत आणि त्यावर हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये अशी विनवणी कोरीत. घरचाच साक्षीदार उलटू नये, म्हणून केलेली ही तजवीज.

कुराणात अशा तजविजीला वाव नाही. तेथे हात आणि पाय स्वतः साक्ष देतात. पण तेथेही प्रत्येकाच्या हाती त्याची कर्मवही दिली जाते आणि ती त्यानेच वाचावयाची असते. पारशी धर्मग्रंथांत मृत्यूनंतरच्या चौथ्या पहाटे जीव चिन्वत पुलापाशी येतो, तेव्हा त्याचे आचरणच स्त्रीरूप घेऊन पुढे उभे राहते. पुण्यवंताला ती सुंदर दिसते, पाप्याला कुरूप. तिची ओळख पटली की निराळे आरोपपत्र कशाला हवे?

आपल्याकडील कर्मविचार याहून सूक्ष्म आहे. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभागाने मरणानंतर पुरुषाचे काय होते असे विचारले, तेव्हा याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेतून बाजूला घेऊन गेला. ते दोघे एकांतात बोलले ते कर्माविषयीच. पुढे मीमांसकांनी फळ द्यायला ईश्वराचीही गरज ठेवली नाही. शंकराचार्यांनी ईश्वर ठेवला, पण पर्जन्यासारखा. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, उगवते ते ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. तर्क बिनतोड आहे. परंतु मागच्या जन्मीचे काहीच न आठवणाऱ्या माणसाने आपली बाजू मांडावयाची तरी कशी? छांदोग्य उपनिषदाने दुराचरणाची फळे सांगताना चांडाळयोनी कुत्र्याच्या व डुकराच्या योनीशेजारी बसविली, आणि जन्मलेल्या मुलाला न विचारताच निकाल लागला.

ही अडचण आपल्याच परंपरेत एकाने उघड बोलून दाखविली, तो महाभारताच्या आदिपर्वातला मांडव्य. हा मुनी मौन धरून तप करीत असता चोरांनी त्याच्या आश्रमात चोरीचा माल दडविला. राजसेवकांनी विचारले, तरी तो बोलला नाही. राजाने त्याला सुळावर चढविले. तो मेला नाही. राजाने पुढे क्षमा मागितली, परंतु सूळ निघेना. तेव्हा तो कापावा लागला आणि त्याचा तुकडा अंगात तसाच वागवीत मांडव्य हिंडत राहिला. अखेरीस तो थेट धर्मराजाकडे गेला आणि म्हणाला, अपराध कोणता, ते सांगा. उत्तर मिळाले: लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. एवढ्याशा कृत्याला एवढी शिक्षा! मांडव्याने न्यायाधीशालाच शिक्षा ठोठावली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध नव्हे, असे 1860 च्या दंडसंहितेने म्हटले, आणि 2024 मध्ये अमलात आलेल्या न्यायसंहितेनेही ते तसेच ठेवले आहे. मांडव्याची सीमा त्याहून दुप्पट उदार होती. मात्र त्याने धर्माला दिलेली शिक्षा शूद्रयोनीत जन्म घेण्याची होती, आणि त्यातूनच विदुर जन्मला. इतक्या निर्भय प्रश्नकर्त्यालाही शिक्षा म्हणून हीच सुचावी, हे मला खटकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मुळापासून धरला. त्यांच्या पश्चात 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रपर ग्रंथात त्यांनी मागील जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा नव्हेच, असे प्रतिपादिले. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला व राज्याला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा हेतू त्यांना दिसेना.

पाली ‘देवदूतसुत्ता’तला यम विचारतो ते याच जन्मातले. तान्हे मूल, वाकलेला म्हातारा, आजारी माणूस, राजदंड भोगणारा चोर, प्रेत – हे माझे दूत तुला दिसले नाहीत काय? पापी म्हणतो, दिसले, पण मी गाफील राहिलो. मग यम त्याला बजावतो की हे कर्म तुझ्या आईबापांनी किंवा आप्तांनी केलेले नाही, तूच केलेस; आणि गप्प होतो. नरकपाल आपले काम सुरू करतात. त्यांच्याकडे पाहत यम मनात म्हणतो की, मलाही माणसाचा जन्म मिळावा आणि बुद्धाचा धर्म ऐकावयास मिळावा.