मोडीत निघालेले यंत्र

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून माळे झाडले जातात. तळ गेलेला बंब, कान तुटलेली कढई अंगणात येते आणि मोडीला जाते. पण घरातील जाणती बाई कोणतेही भांडे तराजूत टाकण्यापूर्वी त्यात एकदा डोकावून पाहते. बोहारणीला द्यावयाच्या कोटाचेही खिसे चाचपते. तपासणी म्हणतात ती याहून फारशी वेगळी नाही. घरात जे कोणाला शिकवावे लागत नाही, ते एकदा एका थोर विद्यापीठात राहून गेले, आणि त्याची किंमत तेथील संशोधनाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना द्यावी लागली. त्याची ही हकीकत.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास कॅनडाहून 'गॅमासेल २२०' नावाचे यंत्र आले. जाड शिशाच्या कवचात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य ठेवलेले, आणि त्याच्या गॅमा किरणांचा मारा निरनिराळ्या पदार्थांवर करून त्यांत काय पालट होतो ते पाहावयाचे, असे त्याचे काम. १९८५ नंतर ते वापरातून गेले. विद्यापीठात माणसे येतात आणि जातात. विद्यार्थी पदवी घेऊन जातात, अध्यापक निवृत्त होतात. खोल्या आणि यंत्रे तेवढी मागे राहतात. यंत्राच्या पोटात काय आहे हे ज्यांना ठाऊक, ते गेले आणि कागदावर काही नीट उरले नाही, की ते यंत्र म्हणजे कोपऱ्यातली एक अडगळ होऊन बसते.

पण माणसाच्या विसरण्याशी द्रव्याला कर्तव्य नसते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे. म्हणजे तेवढ्या काळात त्याचा जोर निम्मा होतो, पुढील तेवढ्याच काळात त्याच्या निम्मा. या हिशेबाने १९८५ साली जो जोर होता, त्याचा पंचवीस वर्षांनी सत्ताविसावा हिस्सा शिल्लक राहतो. आपल्या महाविद्यालयांत जुन्या सामानाची नोंद ज्या वहीत होते, तिला 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणतात. हे यंत्र मात्र निरुपयोगी झाले तरी मृत झालेले नव्हते.

फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते भंगार म्हणून लिलावात काढले. ते पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. तेथील कामगारांनी, त्यांच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे, शिसे वेगळे करण्यासाठी ते फोडले. आतला चकचकीत धातू काय आहे हे त्यांना कोण सांगणार? एकाने तर त्याचा तुकडा आपल्या पैशांच्या पाकिटात ठेवला. एप्रिलच्या आरंभी एका दुकानदाराची कातडी काळवंडली, तेव्हा डॉक्टरांना संशय आला आणि हाक गेली ती मुंबईला, अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. तज्ज्ञांनी बाजार पिंजून काढून कोबाल्टचे तुकडे गोळा केले. अनेकांना किरणांची बाधा झाली होती. त्यांतील एक कामगार २६ एप्रिल रोजी मरण पावला. आण्विक घटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत, जिची सर्वांत वरची पायरी सातवी, ही घटना चौथ्या पायरीवर नोंदली गेली.

या प्रकरणात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. नियामक मंडळ स्थापन झाले १९८३ साली. यंत्र त्याच्याहून वयाने मोठे होते. मंडळाने पुढे विद्यापीठाचा किरणोत्सारी द्रव्ये वापरण्याचा अधिकार स्थगित केला, तो योग्यच होता. परंतु जे काम लिलावाच्या आदल्या दिवशी एका जाणत्या माणसाने तासाभरात केले असते, ते नंतर साऱ्या यंत्रणेला करावे लागले.

कोणी म्हणेल, तेवढी तपासणी झाली असती म्हणजे भागले असते. दुर्दैवाने त्याच सुमाराची दुसरी एक घटना तसेही म्हणू देत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका रसायन प्रयोगशाळेची ऑक्टोबर २००८ मध्ये रीतसर तपासणी झाली होती. काम करणारे संरक्षक कोट घालत नाहीत, असा स्पष्ट शेरा तपासनिसांनी लिहिला होता. दोन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, तेथील तेवीस वर्षांची एक सहायिका हवेशी गाठ पडताच पेट घेणारे रसायन पिचकारीत ओढून घेत होती. पिचकारीचा दट्ट्या निसटला, रसायन भडकले आणि तिच्या अंगावरचा स्वेटर पेटला. संरक्षक कोट अंगात नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. पुढे खटला उभा राहिला, आणि २०१२ साली विद्यापीठाने प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेच्या अनेक सुधारणा लेखी मान्य केल्या. शेरा मात्र ती जिवंत असतानाच लिहून झाला होता.

दिल्लीत पाहणारे कोणी नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये पाहिले गेले, लिहिलेही गेले, पण त्या लिहिण्याला हात फुटले नाहीत. नवी प्रयोगशाळा उभी राहते तेव्हा कोनशिला बसते, फीत कापली जाते, भाषणे होतात. जुन्या खोलीची झाडाझडती घ्यायला कोणी पाहुणा येत नाही. नव्या यंत्राला अनुदान मिळते. जुन्याची नीट बोळवण करण्यासाठी पैसा मागणारा मनुष्य मात्र कटकट्या ठरतो. वास्तविक विद्यापीठाचा मोठेपणा जितका त्याच्या शोधांत, तितकाच तो या कटकट्याच्या वहीत असतो. कोणती वस्तू कोठे आहे, तिच्यात काय आहे, ती कोणाच्या हवाली आहे, एवढे तीन रकाने त्या वहीत भरलेले असावेत, आणि चौथ्या रकान्यात सांगितलेली दुरुस्ती केल्याची तारीख असावी.

मायापुरीतल्या त्या कामगाराचा जीव या चौथ्या रकान्यापर्यंतही पोहोचला नाही. तो दुसऱ्याच रकान्यात गेला. घर झाडताना भांड्यात डोकावणाऱ्या त्या जाणत्या बाईला विज्ञान ठाऊक नसेल; पण आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या वस्तूने दुसऱ्याच्या घरी काय होईल, याची काळजी तिला असते.